गच्चीच्या भेगा आणि लवचीक मॉर्टर

प्रश्न : गच्चीला दरवर्षी सिमेंटचा गिलावा करूनही भेगा पडतात. पॉलिमरचं लवचीक मॉर्टर टिकेल का?

उत्तर : टिकेल, कारण दोष सिमेंट कमी पडण्यात नाही. काँक्रीटची १० मीटर लांब गच्ची तापमान ३० अंशांनी वाढलं की सुमारे ३ मिलिमीटर लांबते. ताठर गिलाव्याला ही हालचाल सोसत नाही. सिमेंट वाढवलं, तर तो आणखी आकसून तडकतो. ॲक्रिलिक पॉलिमर सिमेंटच्या कणांमध्ये रबरासारखा पातळ पापुद्रा धरतो, म्हणून लेप बारीक भेगेवर ताणला जातो, तुटत नाही. खर्च जास्त, हे खरं. पण दरवर्षीची मजुरीही हिशेबात धरा. प्रसरण-सांध्यावर मात्र हा लेप पुरत नाही, तिथे सीलंटच हवं. सुटलेला गिलावा खरवडून, पृष्ठभाग ओलसर करून दोन हात द्या आणि मिश्रणात वरून पाणी अजिबात घालू देऊ नका.