दारू सुटते, मेंदू मागाहून सावरतो



पाचवे शील घेऊन दारू सोडलेला माणूस पुन्हा का घसरतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मेंदूत डोपामीन नावाचे रसायन असते. पेशींवर त्याची ग्रहणस्थाने असतात. तेथे ते चिकटले की गोडी व ओढ यांचा संदेश पुढे जातो. अमेरिकेत डॉ. नोरा व्होल्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही स्थाने जिवंत माणसात पाहिली. त्यांना चिकटणारे किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून ‘पेट’ यंत्राने मेंदूची चित्रे घेतली. जेथे स्थाने कमी, तेथे चित्र फिके. १९९६ साली व्यसनींमध्ये ती इतरांपेक्षा कमी आढळली. २००२ च्या लहानशा अभ्यासात काही महिने दारू बंद ठेवूनही ती वाढलेली दिसली नाहीत.

ती दारूनेच कमी झाली की मुळातच कमी होती, हे एवढ्यावरून ठरत नाही. मात्र दारू सुटताच मेंदू पूर्ववत होतो, असे समजू नये.

म्हणून घसरलेल्याला नालायक म्हणू नका, दवाखान्यात न्या. रोज फार पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एकाएकी दारू तोडू नये. झटके येऊन जीव धोक्यात येतो. त्याच्या निश्चयाला घरच्यांच्या धीराची जोड द्या.