लोणी : खारे की अळणी?

गेल्या वर्षीची गोष्ट. एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. रक्तदाबाची गोळी दोन वर्षांपासून चालू होती. पापड, लोणचे बंद केले होते. ताटात वरून मीठही घेत नव्हते. तरीही वरचा आकडा १६० च्या खाली येईना. मी गोळी वाढवण्याच्या विचारात होतो, तेवढ्यात सोबत आलेल्या सूनबाई म्हणाल्या, "बाबांना अळणी जेवण जात नाही, डॉक्टर. म्हणून भाजीत, वरणात, भाकरीवर बटर घालते. सकाळी पावालाही लावते." अधिक विचारले तेव्हा कळले, की १०० ग्रॅमचे पाकीट दोन दिवसांत संपते आणि ते एकटे गुरुजीच खातात!

मिठाची बरणी दूर ठेवली होती. पण बटरमधून मीठ पोटात जातच होते.

घरी ताक घुसळून निघते ते पांढरे लोणी अळणी असते. दुकानातल्या पिवळ्या बटरमध्ये मात्र बहुधा मीठ घातलेले असते. हे मीठ केवळ चवीसाठी नसते. लोण्यात थोडे पाणी असते, आणि त्या पाण्यात जंतू वाढतात. मीठ त्या पाण्यात विरघळून जंतूंची वाढ रोखते. म्हणून खारे लोणी जास्त टिकते. घरचे लोणी तीन-चार दिवसांत आंबूस होते ते याच कारणाने.

बटरमध्ये कायद्याने ३ टक्क्यांपर्यंत मीठ चालते. बहुतेक पाकिटांत ते २ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे २ ग्रॅम. पाकिटावर मिठाऐवजी 'सोडियम' लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. गुरुजींच्या पोटात त्यातले १ ग्रॅम नुसत्या बटरमधून जात होते. पावातले मीठ आणखी वेगळे.

मग कोणते घ्यावे? माझा सल्ला असा, की स्वयंपाकाला अळणी आणि वरून लावायला, तेही ज्याला रक्तदाब नाही त्यालाच, खारे. स्वयंपाकात अळणी लोणी वापरले की मिठाचे माप आपल्या हाती राहते. पावभाजीचेच पाहा. भाजीत मीठ असते, पावात मीठ असते, शिवाय वरून खारे बटर. प्रत्येक वेळी थोडेच वाटते, पण बेरीज मोठी होते. खारे बटरच घरात असेल तर ते आधी घालावे, चव पाहावी आणि मगच मीठ टाकावे.

आता घरोघरी केक आणि बिस्किटे होतात. तिथेही अळणीच बरे. केकला २०० ग्रॅम खारे बटर घातले तर जवळजवळ ४ ग्रॅम मीठ आपोआप पडते. कृतीत अळणी लोणी सांगितले असेल आणि घरात खारे असेल, तर दर १०० ग्रॅमला पाव चहाच्या चमच्याहून थोडे अधिक मीठ कमी करावे. कृतीत मीठ चिमूटभरच असेल तर ते मुळीच घालू नये. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर यांतही सोडियम असते, हेही ध्यानात ठेवावे.

तूप कढवायलाही अळणी लोणीच घ्यावे. मीठ तुपात विरघळत नाही, ते खाली बेरीत बसते आणि बेरी खारट होते.

एक गैरसमज मात्र दूर करतो. अळणी लोणी म्हणजे पथ्याचे लोणी नव्हे. बटर खारे असो वा अळणी, त्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग हृदयविकाराच्या दृष्टीने बरा नसलेल्या संपृक्त प्रकारचा असतो. मीठ नाही म्हणून गोळाभर लोणी खाण्याची मोकळीक कुणी घेऊ नये.

गुरुजींचे बटर बंद केले. जेवणाला चव यावी म्हणून लिंबू, आले, लसूण, जिरे, कोथिंबीर यांचा हात सैल सोडायला सूनबाईंना सांगितले. पावाऐवजी घरची भाकरी सुरू झाली. महिन्याभराने आकडा १४० च्या आत आला. हे सारे एकट्या बटरमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण गोळी वाढवावी लागली नाही, एवढे खरे. चालू गोळी मात्र त्यांनी सोडली नाही, आणि इतरांनीही ती आपल्या मनाने सोडू नये.

तुमच्या घरी रक्तदाबाचा रुग्ण असेल तर आज एवढेच करा. बटरचे पाकीट उलटे करून सोडियमचा आकडा वाचा, आणि ते किती दिवसांत संपते ते मोजा.