शेततळें आणि कामांचें जाळें

मृगापूर्वीं पुरें न झालेलें शेततळें म्हणजे नुसता खड्डा, हें कास्तकार बंधूंस सांगावयास नको. वरूड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागांस उन्हाळा काढावयाचा असतो. पूर्णाखोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तर विहिरीचें पाणीच खारें. दोहींकडे सांठविलेल्या पावसाचा मोठा आधार. 2016 सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही सरकारी योजना निघाली ती याचसाठीं.

आमची सारी नोकरी महसुलाच्या कारकुनींत गेली. यादी केली कीं काम झालें, अशी आमची समजूत. त्याच समजुतीनें आम्हीं आधीं तळें खोदलें, बांध चोपले आणि मग अस्तराचा कागद मागविला. कागदाआधीं पाऊस आला, बांध ढासळले, वर्ष हातचें गेलें.

यादींत कामें एकाखालीं एक येतात. कोणतें कोणावांचून अडतें, हें तींत दिसत नाहीं. तें दिसावें म्हणून 1957 च्या सुमारास अमेरिकेंत वॉकर व केली या गृहस्थांनीं कारखान्यांच्या कामासाठीं जाळ्याची आकृति योजिली. तीच तळ्यास लावून पाहूं.

वहींत प्रत्येक कामाचा एक बाण काढून त्यावर दिवस लिहावे. प्रथम आखणी, 2 दिवस. तिच्या टोकापासून तीन बाण फुटतात: खोदाई 12, कागद मागवून आणणें 20, कुंपणाचें सामान आणणें 6. खोदाईपुढें बांध व उतार चोपणें 5. त्याच्या टोकाशीं कागदाचा बाण येऊन मिळतो. मग अस्तर अंथरणें 2. शेवटीं, सामान आलेलें असल्यास, कुंपण 4.

आतां प्रत्येक वाटेची बेरीज करावी. खोदाईची वाट 25 दिवस, कुंपणाच्या सामानाची 12, कागदाची 28. सर्वांत लांब वाट तीच कामाची खरी मुदत. खोदाईस 3 दिवसांची सवड आहे. दुसरें यंत्र लाविलें तरी एक दिवसही वांचणार नाहीं. उलट कागदास एक दिवस उशीर, तर साऱ्या कामास एक दिवस उशीर.

1 मेस आरंभ केल्यास काम 28 मेस संपतें. आम्हीं केलें तसें केल्यास 45 दिवस लागतात, म्हणजे 14 जून उजाडतो. मृग तर 7 जूनच्या सुमारास लागतो.

हे आंकडे नमुन्याचे. ज्यानें त्यानें आपले घालावे. एखादें काम लांबलें तर बेरीज पुन्हा करावी, कारण लांब वाट बदलूं शकते. जी वाट लांब, तिचें काम आधीं हातीं घ्यावें, इतकेंच आमचें सांगणें.