'प्लॉट' म्हणजे नेमकं काय? जागा घेण्याआधी समजून घेऊ हे शब्द



मागच्या वर्षी आपल्या एका गटातल्या ताईंनी दोन गुंठ्यांचा प्लॉट घ्यायला गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीला मी हजर होते. हप्ता भरता येईल का, जामीनदार कोण, घरच्यांची संमती आहे का, हे सगळं आपण विचारलं. मग ठराव लिहिला: 'जागा खरेदीसाठी कर्ज मंजूर.' ताईंनी कानातलं मोडून बाकीचे पैसे उभे केले. चार महिन्यांनी घर बांधायला त्या ग्रामपंचायतीत गेल्या, तेव्हा ग्रामसेवकांनी सातबारा मागितला. ताईंकडे होता स्टँप पेपरवरचा नोटरी केलेला कागद. सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव होतं.

तो कागद त्या दिवशी बैठकीत सतरंजीवर समोर पडला होता. मी तो उघडून वाचला नाही. खरं सांगायचं तर वाचला असता तरी मला त्यातलं किती कळलं असतं? कॉलेजात समाजकार्य शिकले, पण सातबारा हातात धरून कुणी शिकवला नव्हता. नंतर तलाठी कार्यालय, मोजणी कार्यालय, नगररचना असं फिरत फिरत शिकले. ते आज तुमच्यासमोर मांडते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. 'प्लॉट' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडात असतो. कागदावर कधी 'गट नंबर अमुक पैकी दोन गुंठे' असतं, कधी 'सामायिक क्षेत्र', कधी 'मंजूर रेखांकनातील भूखंड क्रमांक'. बोलायला तिन्ही प्लॉटच, पण आपल्या हातात येतं ते फार वेगवेगळं. म्हणून कागदावर कुठला शब्द आहे ते बघायचं.

१. मापाचे शब्द: गुंठा, आर, हेक्टर

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. पण सातबाऱ्यावर गुंठा लिहिलेला नसतो, तिथे हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. १०० आरचा एक हेक्टर, म्हणजे जवळपास अडीच एकर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, त्यामुळे तिथे फार फसगत होत नाही.

फसगत होते ती 'रस्ता धरून गुंठा' या बोलीत. विकणारा एक गुंठा म्हणतो, पण समोरचा रस्ता त्यातच मोजतो. मग जागेवर ३० बाय ३० भरतं, म्हणजे ९०० फूट. एका गुंठ्यामागे १८९ फूट गेले. दोन गुंठ्यांत ३७८ फूट. दहा बाय बाराच्या तीन खोल्या झाल्या की नाही? म्हणून विचारायचं, 'रस्ता सोडून निव्वळ किती?' आणि कागदावर चौरस मीटरमध्ये लिहून घ्यायचं.

२. सातबाऱ्यावरचे शब्द

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते असतं, बारामध्ये पीक काय ते. जागा घेताना सात नीट वाचायचा.

गट नंबर किंवा सर्व्हे नंबर: जमिनीचा क्रमांक. गटाचे अधिकृत भाग पडले असतील तर पुढे हिस्सा किंवा पोटहिस्सा क्रमांक असतो. 'पैकी' शब्द दिसला, तर तो भाग सरकारी नकाशावर वेगळा झाला आहे का, हे विचारायचंच.

भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २: वर्ग १ ची जमीन मालक स्वतः विकू शकतो. वर्ग २ म्हणजे सरकारने अटी घालून दिलेली वगैरे जमीन. ती विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांची. ती नसेल तर व्यवहार अडकतो.

इतर हक्क: हा रकाना कुणी वाचत नाही आणि घोळ इथंच लपलेला असतो. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीचा किंवा वाटेचा हक्क, कोर्टातला दावा, हे सगळं इथं येतं.

सामायिक: अनेक नावं एकत्र असली आणि कुणाचा कोपरा कुठला हे ठरलेलं नसलं, तर ते सामायिक क्षेत्र. यातला तुमचा हिस्सा म्हणजे 'अविभाज्य हिस्सा'. वीस जणांनी मिळून अर्धा एकर घेतला, तर सातबाऱ्यावर वीस नावं येतील. पण तुमचा तुकडा रस्त्याकडचा की ओढ्याकडचा, हे कागद सांगत नाही. पुढे कर्ज, मोजणी, विक्री, जे करायचं त्याला बाकीच्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

फेरफार: सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद. आधी सगळ्या संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तोवर खरेदी झाली तरी सातबाऱ्यावर नाव येत नाही. आणि तायांनो, घरात वडील वारले, वाटणी झाली की हीच नोटीस येते. वाचल्याशिवाय सही करू नका. त्यासोबत हक्कसोडपत्र पुढे केलं तर थांबा. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, पण काय सोडतो आहोत ते कळून.

३. तुकडा आणि प्रमाणभूत क्षेत्र

आपल्या ताईंचं घोडं अडलं ते इथं.

शेतीचे फार लहान तुकडे झाले तर कुणालाच पिकवणं परवडणार नाही, म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला. शेतजमीन किमान किती असावी हे त्यात ठरवतात, त्याला प्रमाणभूत क्षेत्र म्हणतात. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायत जमिनीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. त्यापेक्षा कमी तो 'तुकडा'. शेतातून असा तुकडा पाडून परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून विकणारा म्हणतो, 'ताई, खरेदी नंतर करू, आता नोटरी करून घेऊ.' नंतर का, तर आत्ता ती होतच नाही!

यात काही वाटा मोकळ्या आहेत. विहीर, शेतरस्ता किंवा सरकारी योजनेतलं घरकुल यासाठी लहान तुकडा घ्यायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगी मागता येते. आणि २०२५ मध्ये सरकारने रहिवासी भागांतल्या जुन्या तुकड्यांना सवलत आणली. पण ती प्रत्येक गटाला लागू नाही. 'आता तुकडेबंदी उठली' असं कुणी सांगितलं, तर 'या गटाला उठली का?' असं तहसील कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणखी एक. शेतजमीन घेणाराही शेतकरी असावा लागतो. आपल्या नावावर किंवा घरात कुठेच शेती नसेल, तर शेतीचा तुकडा घेताना हीही अडचण येते.

४. एन.ए., झोन आणि गावठाण

एन.ए. म्हणजे अकृषिक, शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरायची जमीन. 'एन.ए. होणार आहे' आणि 'एन.ए. झालं आहे' यात जमीन-अस्मानाचा फरक. झालं असेल तर आदेश किंवा सनद असते. ती मागा, आणि तिच्यावरचा गट नंबर सातबाऱ्याशी जुळवा.

झोन दाखला नगररचना कार्यालयातून मिळतो. प्रादेशिक योजनेत किंवा विकास आराखड्यात ती जमीन कशासाठी दाखवली आहे, शेती, रहिवास की रस्ता, हे त्यावरून कळतं. उद्या रस्ता जाणार असलेल्या जागेवर घर बांधून कसं चालेल?

गावठाण म्हणजे गावाची वस्तीची जागा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक वापर मिळणं कायद्याने सोपं केलं आहे. पण सोपं म्हणजे आपोआप नव्हे. 

५. रेखांकन, म्हणजे ले-आउट

मोठ्या जमिनीचे भूखंड पाडायचे तर आधी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, त्याला रेखांकन म्हणतात. राज्याच्या बहुतेक भागाला २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्यानुसार साध्या रहिवासी रेखांकनात आतला रस्ता किमान ९ मीटर, म्हणजे साधारण ३० फूट सोडायचा असतो. मोठ्या जमिनीत दहा टक्के 'खुली जागा' सोडतात. ती सगळ्यांची असते, तिथं भूखंड पाडून विकता येत नाही.

रेखांकनाला आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मग मोजणी होऊन, रस्ते आखून अंतिम. विकणारे तात्पुरतीचाच रंगीत नकाशा फ्लेक्सवर लावतात. आपण अंतिम मंजुरीचा शिक्का, क्रमांक आणि तारीख बघायची. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकत असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांकही विचारा.

मोजणी म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाच्या माणसाने येऊन हद्द दाखवणं. त्याच्या नकाशाला 'क प्रत' म्हणतात. विकणाऱ्याने चुन्याने मारलेली रेघ ही मोजणी नव्हे.

६. दस्ताचे शब्द

इसार पावती म्हणजे टोकन दिल्याचा पुरावा. साठेखत म्हणजे पुढे विकेन असा करार. नोटरी म्हणजे सही अमक्यानेच केली एवढ्याची साक्ष. या तिन्हींनी मालक बदलत नाही. मालक बदलतो तो दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या खरेदीखताने. पैशाचा मोठा भाग त्याच दिवशी द्यायचा, आधी नाही, आणि शक्यतो बँकेतून.

गटाच्या बैठकीत काय करायचं?

१. 'जागा खरेदी' असं कर्ज आलं की कागद मोठ्याने वाचायचा. न वाचता ठराव लिहायचा नाही.

२. सहा कागद मागायचे: ताजा सातबारा, त्यावरचे फेरफार, झोन दाखला, एन.ए. आदेश किंवा सनद, अंतिम मंजूर रेखांकन, मोजणीची क प्रत. गावठाणातली जागा असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

३. दोघी-तिघींनी जागेवर जाऊन शेजारच्या शेतकऱ्याला विचारायचं. रस्ता कुणाचा, वाद आहे का, हे त्याला माहीत असतं.

४. घरकुल मंजूर आहे पण जागा नाही, अशांना जागा खरेदीसाठी मदत देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. कर्ज काढण्याआधी पंचायत समितीत चौकशी करा.

५. अडचण आलीच तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आपल्या ताई तिथंच गेल्या. वकिलांनी विकणाऱ्याला नोटीस पाठवली आहे, निकाल अजून लागलेला नाही. त्यांचा गटाचा हप्ता मात्र एकदाही चुकला नाही. दर महिन्याला त्या येतात, पैसे मोजून देतात आणि बसतात. मागच्या बैठकीत दुसऱ्या एका ताईंनी प्लॉटचा विषय काढला, तेव्हा याच ताई आधी बोलल्या, 'कागद आण, आपण वाचू.'

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा किंवा घराचा उतारा घेऊन या. शेती नसेल तर शेजारणीचा बघू. इतर हक्कात काय लिहिलं आहे आणि मालकाच्या रकान्यात आपलं नाव आहे का, एवढं तरी प्रत्येकीने स्वतः वाचून दाखवायचं. अडलं तर मी आहेच. मलाही अजून शिकायचंच आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक