‘पुढच्या वर्षी बघू’ असे उत्तर मिळाल्यावर



पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची नऊ वर्षांची मुलगी दोन वर्षे वर्गात शेवटच्या रांगेत बसत होती. घरी वारली बोली, शाळेत पुस्तकी मराठी. ‘हिला काही समजत नाही, सध्या घरीच ठेवा, पुढच्या वर्षी बघू,’ असे आईला तोंडी सांगण्यात आले. आईने ते खरे मानले. आपली एक भगिनी घरभेटीला गेली असता तिने मुलीच्या पाठीमागे उभे राहून ताट वाजवले. मुलीने मान वळवली नाही. पुढे रुग्णालयात तपासणी झाली. दोष बुद्धीत नव्हता, कानांत होता.

हे मुद्दाम सांगितले, कारण सेवा करताना आपल्याही हातून हीच चूक होते. वारली, भिल्ल किंवा कोरकू मूल गप्प बसले, तर त्याला भाषा कळत नाही, ऐकू येत नाही, की खरोखरच शिकायला वेळ लागतो, हे निरनिराळे करून पाहावे लागते. मेळघाटातली कोरकू तर मराठीच्या कुळातली भाषाच नव्हे. म्हणून कोणी ‘मतिमंद’ म्हटले की आधी कान आणि डोळे तपासून घ्या. बुद्धीची चाचणी व्हायची असेल तर मुलाची बोली जाणणारे माणूस सोबत न्या.

आता नियम. ‘अपंगत्वाचा दाखला आणा, मग प्रवेश देतो’ हे म्हणणे चुकीचे आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत जागा आहे आणि जन्मदाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. दाखल्यावर 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल, तर 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळते, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. पुस्तके आणि साहाय्यक साधनेही मोफत मिळतात. म्हणजे दाखला लागतो तो सवलतींसाठी, शाळेच्या दारासाठी नव्हे. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय आहे, पण तो निवडण्याचा हक्क कुटुंबाचा. शाळेने मूल घरी पाठवण्याची ती सोय नव्हे.

जायचे कोठे? प्रथम मुख्याध्यापकांकडे. नंतर तालुक्याच्या गट साधन केंद्रात, तेथे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण आहेत ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळा-अंगणवाडीत येते, त्या दिवशी मूल हजर हवे. मला विचाराल तर सर्वांत दुर्लक्षित दार शाळा व्यवस्थापन समितीचे आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात, आणि तरी पाड्यावरच्या आयांना आपण समितीवर असल्याचेही कित्येकदा ठाऊक नसते.

तोंडी नकाराला उत्तर एकच: अर्ज. अर्ध्या पानाचा पुरे. मुलाचे नाव, वय, अडचण काय, मदत कोणती हवी (पुढच्या बाकावर जागा, श्रवणयंत्र, मोठ्या अक्षरांचे पुस्तक). आई अंगठा करणारी असली तरी अर्ज तिच्याच नावाने असू द्या, तो वाचून दाखवा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. दाद लागली नाही तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. कायद्याने तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. पोच नसेल तर हे तीन महिने मोजायचे कोठून?

दाखल्यासाठी रुग्णालयाची एक खेप म्हणजे एसटीचे भाडे आणि दिवसाची बुडालेली मजुरी, आणि खेप सहसा एकच पुरत नाही. पुष्कळ कुटुंबे येथेच थांबतात. ज्यांना देणगी द्यायची आहे त्यांनी या प्रवासखर्चाचा विचार करावा, आणि ज्यांना वेळ देता येतो त्यांनी सोबत जावे.

दिवाळीनंतर बरीच घरे वीटभट्ट्यांवर जातात. त्याआधी दाखला, आधार आणि अर्जाची पोच यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आईकडे द्या, आणि एक संच आपल्याकडे ठेवा. भट्टीजवळच्या शाळेतही त्या मुलाला प्रवेशाचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याला परत पाठवता येत नाही.