शुगर उतरली? आधी बसा, मग मोजून गोड घ्या

चला, टेबलाशी या. ग्लुकोमीटर, एक चहाचा चमचा, साध्या ग्लुकोज पावडरचा डबा आणि झिपच्या छोट्या पिशव्या समोर मांडा. काम दहा मिनिटांचं आहे, पण ते आज करायचं, शुगर ठीक असताना. शुगर उतरली की डोकंच चालेनासं होतं. तेव्हा डबे उघडून चमचे मोजणं कुणालाच जमत नाही.

ही कृती इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादी गोळी चालू असेल तर तुमच्यासाठीही आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असाल तर असा प्रसंग क्वचितच येईल. तरी वाचून ठेवा, घरात किंवा शेजारी कुणीतरी इन्सुलिनवाला असतोच.

आजची तयारी

१. औषधांची चिठ्ठी काढा आणि तीत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज हे नाव शोधा.
एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, म्हणून पट्टीच्या मागची बारीक अक्षरंही वाचा. यांपैकी एखादं नाव सापडलं तर साखर आणि गूळ तुमच्या यादीतून बाद. ही औषधं आतड्यात साखर फुटण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे ऐन वेळी साखर खाऊनही आकडा लवकर वर येत नाही. तुम्हाला ग्लुकोजच लागणार.

२. एकेका पिशवीत १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर भरा.
स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर चहाचे तीन चमचे, थोडी शीग ठेवून. पावडर साधी, बिनचवीची घ्या, कारण चवीच्या पाकिटात साखर मिसळलेली असू शकते. लहान मुलासाठी भरत असाल तर माप याहून कमी लागतं. ते मुलाच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

३. पिशवीवर मार्करने ठळक लिहा: ‘शुगर कमी – ही पूर्ण घ्या – १५ मिनिटं थांबा’.
तुम्हाला पाठ असेल हो. पण त्या वेळी पिशवी फोडणारा बसमधला शेजारीही असू शकतो.

४. पिशव्या जागोजागी ठेवा.
एक उशाशी, एक पर्समध्ये किंवा पाकिटाच्या खिशात, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक गाडीत. सकाळी फिरायला जाताना घालता त्या पँटच्या खिशात एक हवीच. कुलपाच्या कपाटात एकही नको. पावसाळ्यात पावडरचे खडे होतात, तेव्हा झिप नीट दाबा आणि महिन्यातून एकदा चाचपून बघा.

५. घरच्यांना टेबलाशी बोलवा आणि या पिशव्या दाखवा.
या कृतीतला शेवटचा भाग त्यांच्यासाठीच आहे, तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

ओळखायचं कसं

पहिल्या खुणा अंगावर दिसतात. हात थरथरतात, गार घाम फुटतो, छातीत धडधडतं, ओठांना मुंग्या येतात आणि आत्ताच्या आत्ता काहीतरी खायला हवं अशी भूक लागते. याकडे काणाडोळा केलात तर पुढची पाळी डोक्याची. बोलताना साधा शब्द सापडत नाही, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय अडखळतात. आणि चिडचिड! बायको म्हणते, “अहो, शुगर बघू या का?” आणि तुम्ही खेकसता, “मला काही झालेलं नाही!” हे खेकसणंही खूण म्हणूनच धरा.

रात्रीच्या खुणा वेगळ्या असतात. वाईट स्वप्नं पडतात, कपडे घामाने भिजतात, सकाळी डोकं जड असतं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, प्रोप्रानोलोल यांसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जातात. घाम मात्र फुटतो, म्हणून कारण नसताना आलेल्या घामाकडे लक्ष ठेवा. ज्यांची शुगर वारंवार उतरते त्यांना पुढे पुढे काहीच जाणवेनासं होतं. त्यांनी अंगाच्या भरवशावर न राहता मशीनवरच भिस्त ठेवावी.

आता खरंच उतरली

६. जिथे असाल तिथे बसा.
गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन बंद करा. गॅससमोर असाल तर बटण फिरवा. लोकलमध्ये असाल तर दारापासून आत सरका. ‘एवढं संपवून बसते’ हे इथे चालत नाही.

७. जवळच्या माणसाला सांगा, “माझी शुगर उतरलीय.”
लाजून बाथरूममध्ये जाऊन कडी लावू नका. आत पडलात तर दार तोडावं लागेल.

८. हात धुवा आणि कोरडे करा.
नुकतंच केळं सोललं असेल तर बोटावरच्या गोडाने आकडा खोटा वाढतो आणि तुम्ही निर्धास्त बसता. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा थेंब स्ट्रिपला लावा.

९. बोटाच्या कडेला टोचून शुगर मोजा.
७० च्या खाली म्हणजे कमी. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर, आता एकटं राहायचं नाही. पडद्यावर आकड्याऐवजी ‘लो’ आलं तर शुगर मशीनच्या मापाच्याही खाली गेलीय, स्ट्रिप बिघडली म्हणून दुसरी शोधत बसू नका. दंडावर सेन्सर असेल तरी बोट टोचाच. शुगर झपाट्याने उतरते तेव्हा सेन्सर मागे राहतो. मशीन जवळ नसेल तर शुगर कमी आहे असं धरून थेट पुढच्या पायरीवर या. (आकडा ७० च्या वर आहे आणि तरी थरथरतंय? बरेच महिने शुगर चढी असली की शंभराच्या आसपास आल्यावरही असं होतं. तेव्हा गोड नको, दोन बिस्किटं खा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.)

१०. एक पिशवी संपवा.
अर्ध्या कप पाण्यात ढवळून प्या, नाहीतर पावडर तशीच तोंडात टाका आणि वर घोटभर पाणी घ्या. चमचा शोधायला उठू नका.

पिशवी नाहीच सापडली तर? मग तीन चमचे साखर पाण्यात घालून, किंवा एक मोठा चमचा मध, किंवा डबाबंद फळांचा रस अर्धा कप, किंवा साधं कोल्ड्रिंक १५० मिली, म्हणजे छोटा ग्लास. रस्त्यात असाल तर उसाच्या रसाचा अर्धा ग्लास. यांतलं कुठलंही एकच. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी फळांच्या रसाकडे वळू नये, ग्लुकोज किंवा साखरच घ्यावी, कारण रसातलं पोटॅशियम त्यांना भारी पडतं.

आणि जे हमखास पुढे केलं जातं पण उपयोगी पडत नाही, तेही ऐका. पेढा, लाडू, चॉकलेट, आइस्क्रीम: यांतल्या तुपामुळे, स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शहाळ्याचं पाणी: एरवी छान, पण त्यात साखर फारच थोडी. दुधाचा गरम चहा: फुंकर मारत पिण्यात वेळ जातो. डाएट कोल्ड्रिंक आणि शुगर-फ्रीच्या गोळ्या: यांत साखरच नाही. पाहुण्यांकडे असाल तर विचारूनच घ्या, कारण डायबेटीसवाला म्हणून कौतुकाने नेमकं शुगर-फ्रीच आणून देतात.

११. मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावा.
अंदाजाने थांबू नका, अशा वेळी तीन मिनिटंही अर्ध्या तासासारखी वाटतात.

१२. गजर होईपर्यंत काहीही खाऊ नका.
सगळ्या कृतीत अवघड पायरी ही. पोटात गेलेलं ग्लुकोज रक्तात येईपर्यंत मेंदू ‘खा, खा’ म्हणून ओरडत राहतो. त्याचं ऐकलं की रात्री दोन वाजता फ्रिजसमोर उभं राहून श्रीखंडाचा डबा, वर दोन केळी, वर उरलेली पोळी असा कार्यक्रम होतो आणि सकाळी मशीन तीनशे दाखवतं. मग तो आकडा खाली आणायला कुणी जादा इन्सुलिन टोचतं, दुपारी पुन्हा घाम! तेव्हा हात मांडीवर ठेवा आणि बसून राहा. एकटे असाल तर कुणाला तरी फोन लावा आणि गजर होईपर्यंत बोलत राहा. दुसऱ्याला तुमची जीभ अडखळतेय का हेही कळतं.

१३. गजर झाला की पुन्हा मोजा.
बरं वाटतंय म्हणून ही पायरी गाळू नका.

१४. आकडा अजून ७० च्या खाली असेल तर दुसरी पिशवी घ्या आणि पायरी ११ पासून पुन्हा चला.
तिसऱ्या पिशवीनंतरही आकडा वर आला नाही तर १०८ ला फोन करा किंवा कुणाला तरी हॉस्पिटलात न्यायला सांगा. स्वतः गाडी काढू नका.

१५. आकडा ७० च्या वर आला की जरा टिकणारं काहीतरी खा.
जेवण तासाभरात असेल तर तेच लवकर उरका. नसेल तर वाटीभर पोहे, किंवा अर्धी पोळी आणि उसळ, किंवा दुधासोबत दोन-तीन मारी बिस्किटं. ही पायरी चुकली तर शुगर पुन्हा घसरू शकते. मघाशी घेतलेल्या गोडाची भरपाई म्हणून जादा इन्सुलिन नको. जेवणाआधीचं नेहमीचं इन्सुलिन किती घ्यायचं, हे मनाने न ठरवता डॉक्टरांना फोनवर विचारा.

१६. वर सांगितलेल्या तीन गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर तासाभराने आणखी एकदा मोजा.
या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, त्यामुळे वर आलेला आकडा संध्याकाळी पुन्हा खाली जातो. वय झालेलं असेल किंवा किडनी अधू असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. ते एक रात्र दाखल व्हा म्हणाले तर हुज्जत घालू नका.

१७. आकडा नीट आल्यावरही किमान ४५ मिनिटं गाडीला हात लावू नका.
हातपाय लवकर सावरतात, डोकं जागेवर यायला जास्त वेळ लागतो.

डोकं जागेवर आल्यावर

१८. वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, आकडा, आधी काय खाल्लं, कोणतं औषध कधी घेतलं.

१९. कारण शोधा.
बहुतेक वेळा ते घड्याळात सापडतं. गोळी घेतली, इंजेक्शन टोचलं आणि तेवढ्यात पाहुणे आले. जेवण तासभर पुढे गेलं. किंवा रोजच्यापेक्षा दुप्पट चालणं झालं. त्याचा परिणाम रात्री झोपेतही दिसतो. किंवा रिकाम्या पोटी दारू. किंवा संकष्टी! सकाळी गोळी नेहमीची आणि जेवण थेट चंद्रोदयानंतर, म्हणजे शुगरला उतरायला दिवसभर मोकळं रान. उपास करायचाच असेल तर डोस कसा बदलायचा हे दोन-चार दिवस आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि उपासाच्या दिवशी शुगर उतरलीच तर त्याच मिनिटाला उपास सोडा. देवाशी नंतर बोलता येईल.

२०. आठवड्यात दोनदा उतरली, झोपेत उतरली, खुणा न जाणवता उतरली किंवा दुसऱ्याची मदत घ्यावी लागली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.
डोस बदलायची वेळ आलीय. मनाने गोळी बंद करू नका.

२१. वापरलेल्या पिशवीच्या जागी नवी भरून ठेवा.
आजच. उद्यावर टाकलं की राहतं.

घरच्यांनो, हे तुमच्यासाठी

२२. मोठ्याने हाक मारा आणि खांदा हलवा.
माणूस गोंधळलेला आहे पण जागा आहे, गिळू शकतोय, तर पाठीला टेकू देऊन बसवा आणि ग्लुकोजचं पाणी घोट-घोट पाजा. तो “नको” म्हणेल, पेला ढकलेल. रागावू नका, पेला पुन्हा पुढे करा.

२३. उत्तर येत नसेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका.
पाणी नाही, साखर नाही, पेढा तर नाहीच. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

२४. १०८ ला फोन करा आणि सांगा, “डायबेटीसचा पेशंट आहे, बेशुद्ध आहे.”

२५. त्यांना कुशीवर वळवा.
उलटी झाली तर ती बाहेर पडेल. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं यात वेळ घालवू नका.

२६. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन देऊन ठेवलं असेल आणि तुम्हाला शिकवलं असेल तर ते आता द्या.
फ्रिजमधलं इन्सुलिन देऊ नका. गडबडीत ‘शुगरचं इंजेक्शन’ म्हणून नेमकं तेच हाती लागतं, आणि त्याने शुगर आणखी खाली जाते.

२७. मदत येईपर्यंत शेजारीच बसा आणि श्वास चालू आहे का ते बघत राहा.
मध्येच पूर्ण शुद्ध आली, नीट बोलायला लागले, तरच ग्लुकोजचं पाणी पाजा. हॉस्पिटलात मात्र तरीही न्यायचं.

२८. निघताना औषधांच्या पट्ट्या, इन्सुलिनचं पेन आणि ती वही सोबत घ्या.
कोणती गोळी किती वाजता घेतली, हे कॅज्युअल्टीत दारातच विचारतात.