जुन्या स्नेहाचें गीत

स्कॉटलंड देशांत ३१ डिसेंबरच्या रात्रीं बाराचे ठोके पडले कीं लोक वर्तुळ करून उभे राहतात व 'ऑल्ड लँग साइन' हें गीत गातात. आज तें जगभर गाइलें जातें. परंतु गाणाऱ्यांपैकीं पुष्कळांस त्याचा अर्थ ठाऊक नसतो. म्हणून या पाठांत आम्ही त्याचा विचार करीत आहों.

शब्दार्थ. हे शब्द स्कॉट लोकांच्या बोलीचे आहेत. 'ऑल्ड' म्हणजे जुना, 'लँग' म्हणजे लांब, 'साइन' म्हणजे पूर्वीं. तिन्ही मिळून 'फार मागें गेलेले दिवस' असा भाव होतो.

आशय. जुन्या सोबत्यांचा विसर पडूं देणें योग्य काय, असा प्रश्न आरंभीं केला आहे. बाळपणीं दोघे मित्र डोंगरउतारावर फुलें वेंचीत व ओढ्यांत खेळत. पुढें त्यांच्यामध्यें समुद्र पडले. आतां भेट झाली असतां एक जण हात पुढें करितो व दुसऱ्याचा हात मागतो. गीतांत प्याल्याचाहि उल्लेख आहे; परंतु त्याचा भर पेयावर नसून ममतेवर आहे.

उगम. शेतकऱ्याचा पुत्र रॉबर्ट बर्न्स (१७५९–१७९६) या कवीनें १७८८ सालीं हें गीत एका स्नेही बाईस पत्रांतून पाठविलें. एका वृद्धाच्या तोंडून आपण तें उतरून घेतलें, असें त्यानें सांगितलें होतें. याच नांवाचें एक गीत १७११ सालींच छापलें गेलें होतें. तेव्हां गीताचें मूळ जुनें, पण आजचें रूप बर्न्सच्या हातचें. तें १७९६ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें. हल्लींची चाल त्यास १७९९ सालीं जोडली गेली. तींत पांचच स्वर आहेत, व ते आपल्या भूप रागाचेच आहेत. रवींद्रनाथ ठाकुरांनीं याच चालीवर एक बंगाली गीत रचिलें.

वर्षअखेरीसच कां? धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या मंडळीनें नाताळास शास्त्राधार नाहीं असें मानिलें, व १६४० सालीं तेथील पार्लमेंटानें नाताळची सुटी रद्द केली. ती सार्वजनिक सुटी म्हणून १९५८ सालीं सुरू झाली. मधल्या काळांत वर्षअखेरची रात्र हाच लोकांचा मोठा सण झाला, व जुन्या दिवसांचें हें गीत त्या रात्रीस शोभून दिसलें.

बोध. शेवटच्या कडव्याला लोक हात आडवे गुंफून शेजाऱ्याचा हात धरितात, कारण हात देण्याची गोष्ट त्याच कडव्यांत आहे. वाचकहो, मनें दुरावण्यास मध्यें समुद्रच असावा लागतो असें नाहीं. ज्यांच्याबरोबर आपण गुरें राखलीं, तेच सोबती पंथ बदलल्यामुळें किंवा बांधाच्या तंट्यामुळें वाटेंत भेटले तरी बोलत नाहींत, असें किती गांवीं घडतें! दोघेहि वाट पाहात राहिले तर वर्षें निघून जातात. गीतांतील मित्र वाट पाहात नाहीं. तो आपला हात आधीं पुढें करितो.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न. १. गीताचें कोणतें अंग जुनें व कोणतें बर्न्सचें? २. हात धरण्याची चाल कोणत्या कडव्यावरून पडली? ३. वर्ष संपण्यापूर्वीं आपण कोणाच्या दारीं जावें?